दप्तर, दुचाकी आणि मुलांची पाठ

शाळा उघडण्याच्या सुमारास दप्तरांच्या दुकानांपुढे जी गर्दी होते, तिच्यात दरवर्षी आपणही उभे असता. मुलाची नजर दप्तरावरील चित्रावर असते आणि आपली किमतीच्या चिठ्ठीवर. या दोहोंच्या घाईत एक साधा प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो. हे दप्तर पाठीवर घेऊन मूल शाळेत जाणार कसे? पायी, रिक्षाने, सायकलीने, की वडिलांच्या मोटारसायकलीवर मागे बसून? माझ्या मते दप्तराची निवड या प्रश्नापासून सुरू झाली पाहिजे. पायी जाणाऱ्या मुलाला जे दप्तर चालते, ते दुचाकीवरून जाणाऱ्या मुलाला चालेलच असे नाही.

आम्ही साताऱ्यात राहतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे हे गाव चढउतारांचे आहे. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे सायकलीने जाणाऱ्यास हा चढ पोटऱ्यांना चांगलाच जाणवतो. माझी मुलगी आठवीत आहे आणि सायकलीने शाळेत जाते. धाकटा मुलगा तिसरीत असून तो कधी माझ्या स्कूटरवर, तर कधी त्याच्या बाबांच्या मोटारसायकलीवर मागे बसून जातो. एकाच घरातून दोन दप्तरे दोन निरनिराळ्या वाहनांवरून निघतात. त्यामुळे हा विषय आमच्या घरात बराच घोळला आहे आणि त्यातून जे हाती आले, ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

भार किती असावा?

दप्तराच्या ओझ्याची चर्चा आपल्या देशात नवी नाही. ख्यातनाम कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात हा विषय मांडला होता. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली ते दहावीच्या मुलांसाठी मर्यादा स्पष्ट केली आहे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. तिसरी ते पाचवीसाठी ते साधारण १.७ ते २.५ किलो, तर आठवीसाठी २.५ ते ४ किलो धरले आहे.

गेल्या पावसाळ्यात मुलगी संध्याकाळी खांदे चोळत बसू लागली. मान अवघडते, दोन्ही खांद्यांच्या मध्ये दुखते, अशी तिची तक्रार होती. अस्थिरोगतज्ज्ञांनी तिला तपासले. कणा सरळ आहे, स्नायू थकले आहेत, असे त्यांनी सांगितले. दप्तरामुळे कणा कायमचा वाकडा होतो हे सिद्ध झालेले नाही. मात्र अतिभाराने स्नायू ताणले जातात, मूल पुढे झुकून चालते आणि दुखणे रोजचे होते, हेही त्यांनी समजावले. घरी आल्यावर आम्ही दप्तराचे वजन केले. यासाठी वेगळा काटा लागत नाही. मुलाला आधी दप्तरासह आणि मग दप्तराविना वजनकाट्यावर उभे करावे. दोन आकड्यांतील फरक म्हणजे दप्तर.

मुलीचे वजन ३८ किलो आणि दप्तर ६.२ किलो भरले. म्हणजे मर्यादेपेक्षा २.४ किलो अधिक. मग आम्ही एकेक वस्तू बाहेर काढून वेगळी तोलली. रिकामे दप्तरच १.१ किलोचे होते. एक लिटरची स्टीलची भरलेली बाटली १.४ किलो, डबा ६०० ग्रॅम आणि वह्यापुस्तके ३.१ किलो. आपणही एकदा असे करून पाहावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ओझे म्हणजे पुस्तके, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आमच्याकडे निम्मा भार पुस्तकांचा नव्हताच.

वेळापत्रकाप्रमाणे वह्या भरायच्या, जाड वह्यांऐवजी पातळ वह्या घ्यायच्या आणि बाटली अर्ध्या लिटरची न्यायची, असे ठरले. मात्र येथे एक सावधगिरी हवी. बाटली लहान केली म्हणून पाणी कमी पिऊन चालणार नाही. शाळेत पिण्यायोग्य पाणी मिळते का, याची आधी खात्री करावी. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ असल्याने अनेक मुली दिवसभर पाणी पिणेच टाळतात आणि त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग उद्भवू शकतो. आपल्या मुलीची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत येत असेल, तर तिच्याशी बोलायला हवे. आमच्या मुलीच्या शाळेत शुद्ध पाण्याची सोय आहे, म्हणून आम्हाला हा पर्याय निवडता आला.

सायकलीवरचे दप्तर

पायी चालताना शरीर ताठ असते आणि दप्तराचा भार कण्यावरून कमरेकडे व पायांकडे जातो. सायकलीवर शरीर पुढे झुकते. रस्ता दिसावा म्हणून मान वर उचलावी लागते आणि भार खांद्यांवर, मानेवर, मनगटांवर येतो. शिवाय पाठीवर उंच बांधलेल्या वजनाने सायकलस्वाराचा तोल नाजूक होतो. चढावर मूल पॅडलवर उभे राहिले की सैल दप्तर डावी-उजवीकडे झोके घेते आणि त्याबरोबर हँडलही डगमगते.

आमच्या गल्लीतील नववीतील एक मुलगी दप्तर एकाच खांद्यावर अडकवून सायकल चालवत असे. उतारावर तिने ब्रेक दाबला, तेव्हा दप्तर घसरून पुढे आले आणि हँडलवर आदळले. ती रस्त्याच्या मधोमध पडली. मागून येणारी जीप वेळीच थांबली, म्हणून गुडघे सोलवटण्यावर निभावले. त्या दिवसापासून आमच्या घरी एक नियम आहे: सायकलीवर दोन्ही पट्टे खांद्यांवर, आणि तेही घट्ट. पट्ट्यांची लोंबणारी टोके गाठ मारून किंवा रबर लावून आत खोचावीत; ती मागच्या चाकाच्या तारांत अडकली, तर काय होईल हे सांगायला नको. ओढणीच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवावे.

छातीवरून जाणारा लहान पट्टा सायकलीवर फार उपयोगी पडतो, कारण त्यामुळे खांद्यांचे पट्टे घसरत नाहीत. वयात येणाऱ्या मुलींना मात्र तो लावायला संकोच वाटतो. माझ्या मुलीलाही वाटला. अशा वेळी सक्ती करू नये. तो पट्टा वर-खाली सरकवता येईल असे दप्तर घ्यावे, म्हणजे तो गळ्याच्या हाडांच्या थोडा खाली बसवता येतो. तेही नको असेल, तर कमरेचा पट्टा असलेले दप्तर निवडावे. कमरेचा पट्टा भाराचा काही वाटा नितंबांच्या हाडांवर घेतो आणि खांदे मोकळे राहतात.

सायकलीला मागे मजबूत कॅरियर असेल, तर जड पुस्तके पाठीवर घेण्याचे कारणच नाही. भार खाली आला की तोल सुधारतो, पाठ मोकळी राहते आणि घामही कमी येतो. त्यासाठी दप्तराचा तळ थोडा कडक व सपाट असावा आणि पट्टे आत खोचता यावेत. बांधण्यासाठी रुंद पट्टा किंवा जाळी वापरावी. आकडे असलेली लवचिक दोरी ताणलेली असताना सुटली, तर आकडा डोळ्याला इजा करू शकतो. लहान मुलांच्या हाती ती देऊ नये. हँडलवर दप्तर कधीही अडकवू नये. पुढच्या टोपलीत डबा किंवा रेनकोटासारख्या हलक्या वस्तूच ठेवाव्यात, कारण तेथील वजनाने हँडल वळवणे जड होते.

मागे बसणारे मूल

मोटारसायकलीवर मागे बसलेल्या मुलाचे संकट निराळे आहे. गाडीने वेग घेतला की पाठीवरचे ओझे त्याला मागे खेचते. त्या क्षणी त्याचा आधार म्हणजे बाबांच्या कमरेभोवतीचे आपले दोन हात, एवढाच. मागचे ओझे जितके जास्त आणि पाठीपासून जितके दूर, तितकी ही ओढ अधिक. म्हणून मागे बसणाऱ्या मुलाचे दप्तर पातळ आणि पाठीला चिकटून बसणारे असावे. फुगीर, गोलमटोल दप्तरे दिसायला गोंडस असली, तरी दुचाकीसाठी ती अयोग्यच होत.

दप्तर फार लांब असेल, तर त्याचा तळ सीटवर टेकतो, खड्ड्यागणिक ते वर उचलले जाते आणि मूल पुढे ढकलले जाते. ते फार उंच असेल, तर हेल्मेटची मागची कड त्यावर आपटते व मान वर करता येत नाही. चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे, तेव्हा दप्तर निवडताना हेल्मेटचा विचार ओघाने आलाच. घरी ही परीक्षा जरूर घ्यावी. उभ्या गाडीवर मुलाला हेल्मेट आणि भरलेले दप्तर घालून बसवावे आणि वर, डावीकडे, उजवीकडे पाहायला सांगावे. हेल्मेट दप्तराला लागले, तर ते दप्तर त्या मुलाचे नव्हे.

मूल आणि चालक यांच्यामध्ये दप्तर ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने मुलाचे हात चालकाच्या कमरेपर्यंत पोहोचत नाहीत. टाकीवर ठेवलेले दप्तर हँडल वळताना आडवे येते. स्कूटरच्या पुढील आकड्याला दप्तर अडकवायचे असेल, तर ते पायांना व ब्रेकला न अडता स्थिर राहील एवढेच लहान असावे. मी मुलाचे दप्तर सीटखालच्या डिकीत ठेवते. मावेल अशा मापाचेच ते आम्ही मुद्दाम घेतले. त्याची पाठ रिकामी आणि हात मोकळे असतात. चार वर्षांखालील मुलांसाठी २०२२ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुरक्षा पट्ट्याची तरतूद झाली आहे. घरातील धाकटे भावंड बालवाडीला जात असेल, तर त्याचीही माहिती करून घ्यावी.

पावसाळ्यातील काळजी

आपली शाळा जूनमध्ये उघडते, म्हणजे नव्या दप्तराची पहिली परीक्षा पाऊसच घेतो. कापड पाणी रोखत असले, तरी शिवणीतून आणि चेनमधून पाणी आत शिरते. म्हणून दप्तरावर स्वतंत्र आवरण हवे आणि वह्यांना आत एक प्लास्टिकची पिशवी. पुष्कळ मुले दप्तरावरूनच रेनकोट चढवतात. त्याने पाठीवर कुबड येते, रेनकोट वाऱ्याने फडफडतो आणि मागे वळून पाहणे कठीण होते. आधी रेनकोट, त्यावर दप्तर आणि दप्तराला आवरण, हा क्रम अधिक सुरक्षित आहे. आवरण पिवळे किंवा केशरी असावे, म्हणजे धूसर पावसात मागच्या वाहनाला मूल दुरून दिसते. डिसेंबर-जानेवारीत सात वाजताच्या शाळेसाठी मुले अंधुक उजेडात निघतात. त्या वेळी दप्तरावरची चमकणारी पट्टी कामी येते.

ओले दप्तर वजनाने वाढते आणि तसेच राहिले तर त्यात बुरशी धरते. घरात कुणाला दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असेल, तर याकडे विशेष लक्ष द्यावे. रोज संध्याकाळी दप्तर पूर्ण रिकामे करून, सगळ्या चेन उघडून पंख्याखाली टांगावे.

दुकानात काय पाहावे?

खरेदीला जाताना मुलाला बरोबर न्यावे आणि चार-पाच पुस्तके पिशवीत घ्यावीत. पुस्तके भरूनच दप्तर पाठीवर घालून पाहावे. दप्तराची रुंदी मुलाच्या खांद्यांपेक्षा अधिक नसावी आणि तळ कमरेखाली चार बोटांपेक्षा खाली लोंबू नये. ‘दोन वर्षे पुरेल’ म्हणून मोठे दप्तर घेण्याचा मोह येथे टाळावा. मोठ्या दप्तरात सामानही मोठेच भरले जाते. खांद्याचे पट्टे रुंद व मऊ असावेत. पट्टे जेथे शिवलेले असतात, तेथे दुहेरी-तिहेरी शिवण आहे का, हे ओढून पाहावे. दप्तर बहुधा तेथेच फाटते. जाड पुस्तकांचा कप्पा पाठीला लागून असावा. मुलीसाठी आम्ही निवडलेले दप्तर रिकामे असता ६०० ग्रॅमचे आहे. ७०० ग्रॅमची बाटली, ५०० ग्रॅमचा डबा आणि दोन किलोंची वह्यापुस्तके धरून सारे ३.८ किलोंत बसले. रंग तिने निवडला. मापाला बरोबर असलेल्या दप्तरांतून रंग निवडण्याचा अधिकार मुलांना अवश्य द्यावा, कारण मनाजोगते दप्तर ती नीट वापरतात.

दोन आठवड्यांत तिचे खांदे दुखणे थांबले. प्रत्येक मुलाच्या बाबतीत हे इतके सहज होईल असे नाही. खांद्यावर लाल वळ उठत असतील, हाताला मुंग्या येत असतील, दुखण्याने रात्री झोप मोडत असेल किंवा भार कमी करूनही तक्रार टिकत असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यात विलंब करू नये.

वाचकहो, मुलांना ओझे वाहण्याची सवय होते आणि सवय झालेले दुखणे ती सांगत नाहीत. म्हणून महिन्यातून एका रविवारी दप्तर मुलासमवेत जमिनीवर रिते करा. जुन्या चिठ्ठ्या, तुटक्या पेन्सिली, गेल्या सत्राची वही बाहेर काढा, उरलेले तोला आणि पट्टे वाढत्या उंचीप्रमाणे नव्याने बसवा. या कामाला अर्धा तास पुरतो. तेवढ्या वेळात दप्तराबरोबर शाळेतल्या चार गोष्टीही बाहेर येतात, हा माझा अनुभव आहे.