पंगतीतला वाढपी

गेल्या दिवाळीची गोष्ट. मी चकल्या तळत होते आणि माझी भाची ओट्याशेजारी स्टुलावर बसून दर तिसरी चकली मोडून तोंडात टाकत होती. मध्येच तिने विचारले, "मावशी, तुझ्या नव्या कादंबरीच्या प्रती किती खपल्या गं?"

प्रश्न साधाच होता, पण सणासुदीला कुणी असले प्रश्न विचारू नयेत. माझ्या त्या कादंबरीच्या उरलेल्या प्रती आमच्या दिवाणाखाली रचून ठेवलेल्या आहेत. घरी आलेले पाहुणे त्या दिवाणावर ऐसपैस बसतात. माझ्या पुस्तकांना लोकाश्रय मिळाला तो एवढाच. मी झाऱ्याकडे पाहत म्हटले, "खपतायत हळूहळू."

"नुसतं चांगलं लिहून भागत नाही, मावशी," ती म्हणाली. "अल्गोरिदम कळायला हवा."

माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. सकाळी एका बालवाडीत मुलांना शिकवावे आणि दुपारी कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा गेल्या कित्येक वर्षांचा क्रम. हा शब्द ऐकूनच मी दबकले. पण भाचीने धीर दिला. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाचे मोठे गणिती होऊन गेले. त्यांच्या नावावरून हा शब्द आला. अर्थ मात्र अगदी आपल्या वहीतला, म्हणजे 'रीत'! गणित सोडवताना आपण उत्तराआधी लिहीत असू, तीच. फरक एवढाच, की आमचे मास्तर रीत दाखवल्याशिवाय गुण देत नसत आणि या कंपन्या उत्तर तेवढे दाखवून रीत बरीचशी झाकून ठेवतात.

तरीही जे कळले ते मला माझ्या परीने असे उमगले. लग्नाच्या पंगतीतला मुरलेला वाढपी तुम्ही पाहिला असेल. तो तुम्हाला काही विचारत बसत नाही, तुमच्या पानाकडे पाहतो. जिलबी संपली, की जिलबीची परात पुन्हा तुमच्यासमोर हजर. कोशिंबीर तशीच राहिली, की ती पुन्हा तुमच्याकडे फिरकत नाही. समाजमाध्यमांवरचा अल्गोरिदम हा असाच वाढपी आहे. तुम्ही कशावर किती क्षण थांबलात, कशाखाली दोन शब्द लिहिलेत, काय कुणाला पाठवलेत, हे तो टिपून ठेवतो. त्यावरून पुढच्या प्रत्येक मजकुरापाशी तुम्ही थांबाल की नाही याचा अंदाज बांधतो आणि त्या क्रमाने पान वाढतो. नवा पदार्थ असला, तर आधी थोड्या पानांवर वाढून पाहतो; ती चाटूनपुसून साफ झाली, की परात पुढे सरकते.

पूर्वी असे नव्हते. इन्स्टाग्रामवर जे सर्वांत नवे ते सर्वांत वर दिसे. २०१६ पासून ते ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे लागू लागले. यूट्यूबनेही २०१२ साली नुसते किती जणांनी उघडले यापेक्षा किती वेळ पाहिले, याला अधिक मोल दिले. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन गोष्टी मुख्य म्हणून सांगितल्या: लोक किती वेळ पाहतात, किती जण पसंती देतात आणि किती जण ते दुसऱ्याला पाठवतात. अनोळखी माणसांपर्यंत पोचायचे असेल, तर ही तिसरी गोष्ट विशेष कामी येते.

भाचीने मला पान उघडून दिले आणि मी शिकू लागले. पहिली ओळ अशी हवी, की सरकणारे बोट थांबले पाहिजे. 'सर्वांना सप्रेम नमस्कार' ही माझी आवडती सुरुवात तिने निर्दयपणे छाटली. ठरलेल्या वारी लिहावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, कुणी चार शब्द लिहिले तर उत्तर द्यावे. मी बालवाडीतल्या गमती लिहू लागले. डिसेंबरअखेर तीनशे माणसे माझ्या पानावर जमली. दिवाणाखालच्या प्रतींपेक्षा ही संख्या मोठी होती!

आणि मग ती संध्याकाळ आली. शाळा सुटून दीड तास झाला, तरी एका मुलीची आई तिला न्यायला आली नव्हती. पोर पायरीवर बसून होती; पिवळे दप्तर, त्याचा तुटलेला पट्टा लाल रिबिनीने बांधलेला. मलाही घरी पाहुणे यायचे होते. घरी पोचताच मी रागाच्या भरात लिहिले, "आई होणे सोपे असते, वेळेवर येणे कठीण." पुढे ती पायरी, ते दप्तर, ती लाल रिबीन. नाव मात्र लिहिले नाही, एवढी सभ्यता पाळली.

सकाळपर्यंत ते हजारो लोकांनी पाहिले. आजकालच्या आयांना लोक नाही नाही ते बोलत होते. वाचकहो, खरे सांगते, मला ते शब्द टोचले. पण शेजारचा वाढता आकडा गोड लागत होता. उत्तरे दिली, की मजकूर आणखी पसरतो हे मला ठाऊक होते. मी उत्तरे देत राहिले.

तिसऱ्या दिवशी ती आई शाळेत आली. रिबीन साऱ्या आळीने ओळखली होती. ती भांडली नाही. म्हणाली, "बाई, त्या दिवशी कारखान्यात दुसऱ्या पाळीची बाई आली नव्हती. मला सोडलं नाही. तुम्ही विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."

मी घरी येऊन तो मजकूर काढून टाकला आणि क्षमा मागणारा दुसरा लिहिला. तो मोजून एकेचाळीस जणांनी पाहिला. वाढप्याच्या लेखी ती कोशिंबीर होती.

राग एवढा का पसरतो, हे मी नंतर वाचले. २०१७ पासून फेसबुकच्या हिशेबात नुसत्या पसंतीच्या पाचपट मोल भावना दाखवणाऱ्या चिन्हांना होते आणि त्यांत रागाचे चिन्हही आले. पुढे ते कमी करत २०२० मध्ये रागाचे मोल शून्यावर आणले. कंपनीच्या आतल्या कागदपत्रांवरून हे २०२१ साली लोकांपुढे आले. वाचून क्षणभर हायसे वाटले, की दोष वाढप्याचा! पण वाढपी वाढतो ते स्वयंपाकघरातून आलेले. ते तिखट मी रांधले होते.

पान मी बंद केले नाही. पहिली ओळ अजूनही चारदा घासूनपुसून लिहिते, ठरलेला वार चुकवीत नाही. नवी रीत एकच: ज्याच्याविषयी लिहिले, त्याच्या तोंडावर मी हे वाचून दाखवीन का, असे आधी स्वतःला विचारते. त्यामुळे माणसे सावकाश वाढतात. पण त्यांतल्या काहींनी कादंबरी मागवली. दिवाण अकरा प्रतींनी हलका झाला आहे.

ती आई अजूनही कधीकधी उशिरा येते. तोवर मी आणि तिची लेक पायरीवर बसून चित्रे रंगवतो. यंदा फराळाचे पहिले ताट तिच्याकडे गेले, तेव्हाच मी भीतभीत विचारले, "ती हकीकत दिवाळी अंकात लिहू का?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "लिहा की बाई. पण या वेळी दुसऱ्या पाळीचंही लिहा."