चादरीतला ‘द’

‘सोलापूर’ लिहिताना चार अक्षरे लागतात, पण उच्चारताना तीनच उरतात. कारण एका स्वराच्या आधाराने एका दमात उमटणाऱ्या ध्वनींना उच्चारातले अक्षर मानले, तर शेवटच्या ‘र’मधला अकार मराठी मुखात लोपतो आणि ‘पूर’ हे सबंध एकच अक्षर होते. कन्नडमधल्या ‘सोल्लापुर’ या नावात मात्र अंत्य अकार पुरता उच्चारला जातो, म्हणून तिथे अक्षरे चारच भरतात. 12व्या शतकात या गावी कन्नड वचने रचणाऱ्या सिद्धरामेश्वरांची नाममुद्रा ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही होती. कन्नडमध्ये ती दहा अक्षरांची असते, तर मराठी भाविकाच्या तोंडी ‘क-पिल-सिद्-ध-मल्-लि-कार्-जुन’ अशी आठांत आटोपते आणि दोन अकार गळताच सगळ्या शब्दाची चाल बदलते.

लांब शब्दांची अशीच एक शिस्तशीर चाल पोलिश भाषेत आहे. दुसऱ्या महायुद्धात विस्थापित झालेले सुमारे 5000 पोलिश लोक 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहिले, तेव्हा ती महाराष्ट्रातही ऐकू येत होती. आघात, म्हणजे एखाद्या अक्षरावर पडणारा उच्चाराचा जोर, या भाषेत बहुधा उपान्त्य म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. ‘नाउचिच्येल’ म्हणजे शिक्षक, आणि त्यात जोर ‘चि’वर, शिक्षिकेसाठी ‘नाउचिच्येल्का’ म्हटले की तो ‘च्येल्’वर, आणि त्याचे तृतीयेचे अनेकवचन ‘नाउचिच्येल्कामी’ झाले की ‘का’वर. प्रत्ययाने शब्द लांबतो आणि जोर पुढे सरकतो.

मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, पण लेखनातल्या उपान्त्य अक्षराचे महत्त्व मराठीलाही ठाऊक आहे. राज्य शासनाने 1962 साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार ‘सोलापूर’मधला दीर्घ ऊकार ‘सोलापुरात’ लिहिताना ऱ्हस्व होतो, जसे ‘गरीब’चे ‘गरिबांना’ होते. हा नियम अनेकांना जाचक वाटतो, परंतु त्यामागे बोलण्याची खरी लय आहे: प्रत्यय जोडताच शब्दाचा तोल पुढे जातो आणि मागचा स्वर आखडतो.

लिपीत न दिसणारा बदल याहूनही सुंदर आहे. ‘चादर’ उच्चारताना ‘चा-दर’ असे दोन भाग पडतात आणि ‘द’ दुसऱ्या भागाच्या आरंभी असतो. ‘चादरी’ म्हणताच ‘चाद-री’ असे भाग होतात, आणि तोच ‘द’ आपला अकार टाकून पहिल्या भागाच्या शेवटी जाऊन बसतो. अक्षरे दोनच राहतात, सीमा तेवढी हलते. सोलापुरात मागावर चादर विणणाऱ्या पद्मशाली समाजाची मातृभाषा तेलुगू आहे, आणि तेलुगू काय किंवा कन्नड काय, अकार असा गाळत नाहीत. त्या घरांतले एखादे मूल ‘चा-द-री’ असे वाचू लागले, तर ते लिहिलेलेच इमानाने वाचत असते. शिक्षकांनी त्याला चूक ठरवू नये, एकवार ‘चाद-री’ म्हणून दाखवावे.