शहर नावाचा यजमान

मराठी प्रवासवर्णनांतला 'मी' हा बहुधा गृहस्थाश्रमी असतो. 'अपूर्वाई'त पु. ल. सपत्नीक विलायतेला जातात, आणि ती सोबत हा त्या पुस्तकातल्या विनोदाचा एक मोठा आधार आहे. परक्या शहरात खोली मिळेल का, कशी मिळेल, किती पैशांत मिळेल, हे प्रश्न आपल्या प्रवासवर्णनांत पुष्कळदा येतात. पण 'तुम्ही दोघे एकमेकांचे कोण?' हा प्रश्न त्या लेखकांना कुणी विचारत नाही. पती-पत्नी हे नाते सामानाबरोबर आपोआप प्रवास करते. ते जकातीत अडत नाही. ज्यांचे नाते असे आपोआप प्रवास करत नाही त्यांच्या दृष्टीने शहर म्हणजे काय, याचा विचार आपल्या प्रवासवाङ्मयाने फारसा केलेला नाही.

अलीकडे समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी प्रवाशांसाठी 'स्वागतशील' शहरांच्या याद्या निघत असतात. ॲम्स्टरडॅम, माद्रिद, सॅन फ्रान्सिस्को, तैपेई, बर्लिन ही नावे त्यांत हमखास असतात. कुठल्या पेठेत उतरावे, कुठल्या महिन्यात जावे, हातात हात घालून कुठे निर्धास्त फिरावे, अशी माहिती तिथे मिळते. या याद्यांची थट्टा करणे सोपे आहे, कारण त्यांची भाषा जाहिरातीची असते. पण ती थट्टा मला करवत नाही. मी आणि माझा सहचर गेली एकोणीस वर्षे एकत्र राहतो. एवढ्या काळात महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांतल्या लॉजच्या नोंदवह्यांत तो माझा मावसभाऊ, मामेभाऊ, सहकारी आणि एकदा तर मेहुणाही झालेला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. गुन्हा उरला नाही. 'नाते' हा रकाना मात्र उरला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने विवाहाचा अधिकार मान्य करण्यास नकार दिला, तेव्हा तो रकाना आमच्या हयातीत खरेपणाने भरता येईल ही आशाही आम्ही जरा बाजूला ठेवली.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही बर्लिनला गेलो. व्हिसाच्या अर्जात 'विवाहित', 'नोंदणीकृत सहजीवन' अशा चौकटी होत्या. आम्ही दोघांनीही 'अविवाहित' या चौकटीत खूण केली आणि दोन स्वतंत्र माणसे म्हणून दोन वेगळ्या खिडक्यांशी उभे राहिलो. ज्या शहराची ख्याती आमच्यासारख्यांच्या स्वागताची, त्याच्या दाराशी जाण्यापूर्वी आम्हाला आमचे नाते खोडावे लागले. यात त्या कचेरीचा काही दोष नव्हता. खोडण्यासारखे आमच्याकडे कागदावर होतेच कुठे?

हॉटेलात मात्र वेगळेच घडले. म्हणजे काहीच घडले नाही. काउंटरवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट पाहिले, खोलीची किल्ली दिली, न्याहारीची वेळ सांगितली. खोलीत आल्यावर माझा सहचर बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "तिनं विचारलंच नाही रे." आम्ही उत्तर तयार ठेवून गेलो होतो. एकोणीस वर्षांच्या सवयीने तयार ठेवलेले ते उत्तर कुणाला नकोच होते, याचे सुख इतके अनोळखी होते की ते सुख आहे हे कळायलाही थोडा वेळ लागला.

पण मी पडलो साहित्याचा शिक्षक. या शहराविषयी जे वाचले होते ते मला त्या सुखात फार काळ राहू देईना. कारण बर्लिनने अशा पाहुण्यांचे स्वागत करण्याची ही पहिली वेळ नव्हे.

पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात बर्लिन हे युरोपातल्या समलिंगी माणसांचे तीर्थक्षेत्रच होते म्हणा ना. आजच्या याद्यांचे पूर्वज त्या काळातच सापडतात. रूथ रोएलिग या लेखिकेने १९२८ साली बर्लिनमधल्या समलिंगी स्त्रियांच्या क्लबांची आणि उपाहारगृहांची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले. १९३१ साली कुर्ट मोरेकने शहराच्या 'बदनाम' बाजूची वाटाडी पुस्तिकाच प्रसिद्ध केली. १९२९ साली ख्रिस्तोफर इशरवुड हा तरुण इंग्रज लेखक इथे राहायला आला तो याच ख्यातीमुळे. त्याच्या बर्लिनविषयक कथांतून पुढे 'कॅबरे' हे संगीतक आणि चित्रपट निर्माण झाले. आपल्याकडच्या वाचकांना हा इशरवुड बहुधा वेगळ्याच कारणाने माहीत असतो: स्वामी प्रभवानंदांच्या सहकार्याने १९४४ साली भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारा आणि रामकृष्ण परमहंसांचे चरित्र लिहिणारा तो हाच.

या शहराच्या मध्यभागी, टिअरगार्टन उद्यानाच्या काठी, डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ साली लैंगिकविज्ञानाची संस्था स्थापन केली होती. तिथे दवाखाना होता, संग्रहालय होते, हजारो ग्रंथांचे ग्रंथालय होते. आपले लिंग जन्माच्या नोंदीपेक्षा वेगळे आहे असे ज्यांना वाटे, त्यांना तिथे उपचार मिळत आणि कधी कधी नोकरीही मिळे. आणि तिथे एक प्रश्नपेटी होती. नाव न लिहिता कुणीही तिच्यात आपला प्रश्न टाकावा, आणि संस्थेतल्या डॉक्टरांनी जाहीर सभेत त्याचे उत्तर द्यावे, अशी ती व्यवस्था. या प्रश्नपेटीकडे पुढे पुन्हा वळायचे आहे.

एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे सारे चालू असताना कायदा विरुद्धच होता. पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १७५ वे कलम १८७१ पासून जर्मन दंडविधानात होते. १६ ऑक्टोबर १९२९ रोजी जर्मन संसदेच्या एका समितीने ते कमी करण्याच्या बाजूने मत दिले, पण तो प्रस्ताव कायद्यापर्यंत पोचला नाही. म्हणजे त्या काळातले स्वागत हे कायद्याचे नव्हते. पोलिसांनी केलेल्या कानाडोळ्याचे, हॉटेलमालकांच्या व्यवहारज्ञानाचे आणि काही माणसांच्या हट्टाचे होते. असे स्वागत उबदार असते यात शंका नाही, पण त्याच्या मागे भिंत नसते.

ती नव्हती हे १९३३ साली कळले. हिटलर ३० जानेवारीला चॅन्सेलर झाला. मोट्झ रस्त्यावरचे 'एल्डोराडो' हे जगप्रसिद्ध नृत्यगृह त्या मार्चमधल्या एका छायाचित्रात बंद दिसते; दर्शनी भागावर स्वस्तिकाची फलके आहेत आणि दाराशी पोलीस उभे आहेत. ६ मे रोजी हिर्शफेल्ड यांची संस्था लुटली गेली. १० मे रोजी तिथली पुस्तके ऑपेराच्या चौकात इतर हजारो पुस्तकांबरोबर जाळली गेली. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशात होते; जगप्रवासाला निघालेले आणि १९३१ साली भारतातही येऊन गेलेले हे गृहस्थ मायदेशी परतलेच नव्हते. आपल्या आयुष्यभराच्या कामाचा नाश त्यांनी पॅरिसमधल्या एका चित्रपटगृहात, वार्तापटाच्या पडद्यावर पाहिला. १९३५ साली नीस इथे, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, ते वारले. त्याच वर्षी १७५ वे कलम अधिक कठोर झाले. नाझी राजवटीत या कलमाखाली सुमारे ५० हजार पुरुषांना शिक्षा झाल्या आणि हजारोंची रवानगी छळछावण्यांत झाली. ज्या शहराच्या वाटाड्या पुस्तिका निघत होत्या, त्या शहराला पाठ फिरवायला अवघे काही महिने पुरले.

इशरवुड मे १९३३ मध्येच बर्लिन सोडून निघाला. त्याच्यासोबत हाइन्झ हा त्याचा जर्मन मित्र होता. पुढची हकिगत इशरवुडने उतारवयात, १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सांगितली आहे. जानेवारी १९३४ मध्ये हाइन्झ इंग्लंडमध्ये यायला निघाला, तेव्हा हार्विच बंदरावरच्या अधिकाऱ्याने इशरवुडने त्याला लिहिलेले पत्र वाचले, काय ते ओळखले आणि त्याला परत पाठवले. त्यानंतर तीन वर्षे हे दोघे या देशातून त्या देशात भटकत राहिले. कुठे परवाना संपे, कुठे संशय येई. अखेरीस १९३७ साली हाइन्झला जर्मनीत पाऊल टाकावे लागले, तिथे त्याला अटक झाली आणि तुरुंगवास, सक्तमजुरी व लष्करी सेवा अशी शिक्षा झाली. इंग्रज पासपोर्ट असलेल्या लेखकाला बर्लिन हे प्रवासाचे ठिकाण होते. कधीही यावे, कधीही जावे. त्याच्या मित्राचे तर ते घर, आणि नेमके त्यालाच जायला जागा उरली नाही. व्हिसाच्या खिडकीशी उभा असताना मला हार्विचची आठवण झाली होती. तुलना अर्थातच प्रमाणाबाहेरची आहे. आम्हाला कुणी परत पाठवले नाही. पण शहराने दार उघडे ठेवले तरी त्या दाराआधी एक देश उभा असतो, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

मग आजचे बर्लिन स्वागतशील आहे असे म्हणायचे ते कशाच्या आधारावर? नोलेनडॉर्फ चौकातल्या भुयारी रेल्वेस्थानकाच्या भिंतीवर १९८९ साली लावलेला गुलाबी दगडाचा त्रिकोण आहे. छावण्यांत समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर जो त्रिकोण शिवला जाई, तो हा. त्यावरच्या जर्मन शब्दांत एक श्लेष आहे: या माणसांना मारहाणीने मारले आणि मग मौनानेही मारले. दुसऱ्या मरणाची ही कबुली महत्त्वाची. कारण युद्ध संपल्यावर छावण्या उघडल्या, तरी नाझींनी कठोर केलेले कलम पश्चिम जर्मनीने १९६९ पर्यंत तसेच ठेवले, आणि लोकशाहीच्या त्या वीस वर्षांतही सुमारे ५० हजार माणसांना शिक्षा झाल्या. कलम पूर्णपणे गेले १९९४ साली. युद्धोत्तर शिक्षा रद्द व्हायला २०१७ साल उजाडावे लागले, आणि समलिंगी विवाहही त्याच वर्षी कायदेशीर झाला.

ऑपेराच्या चौकात, आजच्या बेबेल चौकात, मिखा उल्मान या शिल्पकाराने १९९५ साली जमिनीखाली एक खोली केली आहे. वरून काचेतून पाहिले की आत पांढरी, रिकामी फडताळे दिसतात. सुमारे २० हजार पुस्तके मावतील एवढी. आम्ही गेलो तेव्हा काचेवर आभाळाचे प्रतिबिंब पडले होते आणि आतले काही दिसण्यासाठी वाकून, हातांचा आडोसा करून पाहावे लागत होते. टिअरगार्टनमध्ये २००८ साली उभारलेल्या स्मारकाचेही तसेच आहे. काँक्रीटचा एक मोठा ठोकळा, त्याला एक लहानशी खिडकी. डोळा लावला की आत चुंबन घेणाऱ्या जोडप्याची चित्रफीत दिसते. ही खिडकी अनेकदा फोडली गेली आहे. २०२३ साली या स्मारकाला आग लावण्याचा प्रयत्न झाला. दर वेळी ती दुरुस्त होते.

मला वाटते, स्वागताची कसोटी इथे आहे. हॉटेलात कुणी काही विचारले नाही ही सभ्यता झाली, आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण पाहुण्याला निर्धास्त वाटते ते यजमान हसतमुख आहे एवढ्यानेच नव्हे. या घरात पूर्वी पाहुण्यांना काय भोगावे लागले, हे यजमान लपवत नाही, आणि दाराची काच फुटली तर दुसऱ्या दिवशी बसवून घेतो, तेव्हा तो विश्वास येतो. १९३० च्या बर्लिनपाशी हसतमुखपणा भरपूर होता. आठवण मात्र नव्हती, आणि कायद्याचा आधारही नव्हता.

आता त्या प्रश्नपेटीकडे. हिर्शफेल्ड यांच्या संस्थेत निनावी चिठ्ठ्या पडत होत्या, त्याच काळात मुंबईतून र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक निघत होते. जुलै १९२७ मध्ये ते सुरू झाले आणि १९५३ साली कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. वाचकांनी आपले लैंगिक प्रश्न लिहून पाठवावेत आणि संपादकांनी शास्त्राधारे उत्तरे द्यावीत, हे त्याचे एक प्रमुख सदर. त्या उत्तरांवरून १९३४ साली, म्हणजे बर्लिनच्या होळीनंतर वर्षभरातच, कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. वादग्रस्त प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शास्त्राच्या दृष्टीने लिहिलेले अश्लील ठरत नाही, ही भूमिका त्यांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. कर्वे मासिक काढीत राहिले.

आपल्या शहरांच्या स्वागतशीलतेविषयी बोलताना आपण लगेच ॲम्स्टरडॅमकडे आणि बर्लिनकडे पाहू लागतो. मुंबई त्या याद्यांत कधी येईल, याची चर्चा करतो. पण मराठी भाषेत असा प्रश्न विचारणारी माणसे ९० वर्षांपूर्वी होती, त्यांना उत्तर देणारा एक संपादक होता आणि त्या उत्तरासाठी न्यायालयात उभा राहणारा एक वकील होता, ही आठवण आपल्यापाशी आहे. तिचा दगड कुठल्या चौकात बसवलेला नाही, एवढेच. साहित्याच्या विद्यार्थ्यांना चौकाची वाट पाहण्याचे कारण नाही. 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक आज वाचायला मिळतात. येत्या सत्रात त्यांतली काही प्रश्नोत्तरे वर्गात घ्यावीत असे मी ठरवले आहे. उत्तरांवर बोलणे सोपे जाईल. कर्व्यांचे गद्य तसे रोखठोक आहे. मला मुलांना विचारायचे आहे ते प्रश्नांविषयी: हे कुणी लिहिले असेल, कुठल्या गावात बसून, आणि पाकीट टपालपेटीत टाकताना त्याचा किंवा तिचा हात किती वेळ थबकला असेल.