जड झालेलें चक्र

मोटारीचें चक्र हातांत असणें आणि मोटार ताब्यांत असणें या दोन गोष्टी एकच आहेत, अशी माझी परवांपरवांपर्यंत समजूत होती. गेल्या माघांत कुंभार्ली घाटाच्या एका वळणावर ती समजूत अर्ध्या मिनिटांत नाहींशी झाली. त्यानंतर एका वृद्ध मिस्त्र्याच्या सहवासांत जें शिकावयास मिळालें, तें ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे अशा वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें.

आम्ही साताऱ्याहून गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास निघालों होतों. बरोबर कुटुंब आणि माझी वडील बहीण अक्का. गाडी बारा वर्षांची, डिझेलवर चालणारी. पाटण, हेळवाक मागें टाकून घाटमाथा गांठला तोंवर सर्व ठीक होतें. उतरण लागली, दोन वळणें झालीं, आणि तिसऱ्या वळणावर मीं चक्र डावीकडे फिरवूं लागतांच आंतून कोणी तें घट्ट धरून ठेविल्यासारखें झालें. बॉनेटखालून कण्हल्यासारखा दीर्घ आवाज आला. दोन्ही हातांचा जोर लावून चक्र फिरलें खरें, पण जितकें व जेव्हां फिरावयास हवें तितकें व तेव्हां नाहीं. गाडीचें नाक कठड्याच्या रोखानें जाऊं लागलें. खालून एक मालमोटार भोंगा वाजवीत चढत होती. ब्रेक दाबून गाडी उभी केली तेव्हां कठडा हातभर राहिला होता. मागें अक्का अथर्वशीर्ष म्हणत होती, ती मध्येंच थांबली. तिच्या त्या थांबण्याचीच मला अधिक भीति वाटली.

बॉनेट उघडून पाहतों तों स्टीअरिंगच्या तेलाच्या लहानशा टाकींत तेल असें नव्हतेंच. तळाशीं गुलाबी फेस होता. डिकींत एक बाटली होती ती मीं घाईघाईनें आणली आणि टोपण उघडलें. तोंच कुटुंबानें हात धरला. "अहो, हें पिवळट आहे. आपल्या अंगणांत पडतं तें लाल असतं ना?" बाटली ब्रेकच्या तेलाची होती. तें स्टीअरिंगच्या टाकींत पडतें, तर आंतील रबरी सीलें फुगून सारें यंत्रच वायां गेलें असतें, असें मागाहून समजलें.

येथें एक कबुली देणें भाग आहे. अंगणांत लाल थेंब पडतात, रांगोळी घालतांना हाताला लागतात, हें तिनें मार्गशीर्षांतच सांगितलें होतें. "जुन्या गाड्या थोडें तेल टाकतातच," असें उत्तर देऊन मीं तो विषय संपविला होता, आणि दर पंधरवड्यास टाकींत गुपचूप थोडथोडें तेल ओतीत होतों. तेल जातें कोठें, हा प्रश्न मीं स्वतःस एकदांही विचारला नाहीं. सकाळीं गाडी चालू करतांना येणारा बारीकसा कण्हण्याचा आवाजही ऐकत होतों. तो थंडीचा, अशी मनाची समजूत घालून घेतली होती.

चढणारी मालमोटार आमच्याजवळ थांबली. तिच्या चालकानें खालीं उतरून टाकींत डोकावून पाहिलें, आपल्या डब्यांतलें अर्धा लिटर लाल तेल दिलें, पैसे घेतले नाहींत, आणि जातांना म्हणाला, "काका, वळणावर क्लच दाबून गाडी सोडूं नका. इंजिन पडलं कीं पंप पडतो." ही माझी जुनी खोड त्यानें खालून येतां येतां ओळखली होती. त्या वाक्याचा अर्थ कळण्यास मात्र या यंत्राची रचना समजून घ्यावी लागली.

सामान्य समजूत अशी कीं, पॉवर स्टीअरिंगमध्यें तेल गाडी वळवितें. तसें नाहीं. वळवितों आपणच, तेल हातभार लावतें. चक्राच्या दांड्याच्या खालच्या टोकास पिनियन नांवाचें लहान दांतेरी चाक असतें, तें एका आडव्या दांतेरी पट्टीवर फिरतें. या पट्टीस रॅक म्हणतात. ती डावी-उजवीकडे सरकली म्हणजे तिच्या टोकांच्या दांड्या पुढचीं चाकें वळवितात. एवढी रचना बिनतेलाच्या गाडींतही असते. तेलाच्या रचनेंत या रॅकवर एक दट्ट्या बसविलेला असून तो नळकांड्यांत बंद असतो. इंजिनावरील पट्ट्यानें फिरणारा पंप टाकींतील तेल ओढतो व दाबानें पुढें ढकलतो; तें दट्ट्याच्या एका अंगास सोडलें कीं रॅक दुसऱ्या अंगास लोटली जाते आणि पलीकडचें तेल टाकींत परत येतें. चक्र अगदीं टोकापर्यंत वळवून धरलें असतां हा दाब दर चौरस सेंटिमीटरास ७० ते १०० किलोग्रॅमपर्यंत चढतो. दट्ट्याचें क्षेत्र ८ चौरस सेंटिमीटर धरलें तरी ७० नें गुणून ५६० किलोग्रॅमांचा रेटा झाला! बंदिस्त द्रवाचा दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो, हा सतराव्या शतकांतील पास्कलचा नियम. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले म्हणजे तो मीं अनेक वर्गांस फळ्यावर लिहून दिला आहे. पण माझ्याच हातांखालीं तो रोज राबत आहे, हें कधीं मनांत आलें नव्हतें.

खरें नवल आहे तें झडपेचें. चक्राचा दांडा आणि पिनियन यांच्यामध्यें बोरूएवढी एक पोलादी सळई असते. आपण चक्र फिरवितों, रस्ता चाकांना अडवितो, आणि या दोहोंच्या ओढाताणींत ती सळई किंचित् मुरडते. त्या मुरडण्यानें झडपेचीं आंतलीं-बाहेरचीं छिद्रें एकमेकांवरून सरकतात आणि तेलास एका बाजूची वाट मोकळी होते. चाकें वळलीं कीं सळईचा पीळ उलगडतो व वाट मिटते. म्हणजे जितकी अडचण अधिक, तितकें साहाय्य अधिक. अडचण नाहीं तेथें साहाय्यही नाहीं. आणि तेल सर्वस्वीं आटलें तरी सळई थोडी मुरडल्यावर दोन्ही भागांचे खांचेदार तोडे एकमेकांस भिडतात, व आपला हात सरळ चाकांपर्यंत पोंचतो. घाटांत माझें चक्र जड झालें, तुटलें नव्हतें. हें आधीं ठाऊक असतें तर निम्मी घाबरगुंडी वांचली असती.

आतां त्या चालकाचें वाक्य. पंप इंजिनाबरोबर फिरतो. इंजिन जोरांत असलें कीं तेल गरजेपेक्षां अधिक येतें, तें एक झडप परत वळविते. परंतु गाडी मंद असतांना, म्हणजे नेमकें जेथें चक्र सर्वांत जड असतें तेथें, पंपही सर्वांत मंद. मी वळणावर क्लच दाबून इंजिन निवांत सोडीत होतों. आधींच तेल उणें, त्यांत वळणांवर टाकींत तें एका अंगास जाणार, आणि पंपाच्या तोंडीं वारा येणार. तेल दाबलें जात नाहीं म्हणूनच तें जोर पोंचवितें. वारा दाबला जातो, म्हणून तो जोर गिळतो. कण्हणें आणि फेस हीं त्या वाऱ्याचीं चिन्हें. इंधन वांचविण्यासाठीं उतारावर इंजिनच बंद करणारे कांहीं शूर लोक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचें तेलाचें साहाय्य त्याच क्षणीं संपतें, ब्रेकचेंही एकदोनदां दाबतांच सरतें, आणि किल्ली पुरती फिरली तर चक्र कुलुपांत अडकतें.

ही युक्ति आहे अमेरिकेंतील. फ्रान्सिस डेव्हिस नांवाच्या इंजिनियरानें १९२६ सालीं ती एका पिअर्स-ॲरो गाडीवर बसवून दाखविली. परंतु विक्रीच्या मोटारींत ती येण्यास १९५१ सालची क्रायस्लर इंपीरियल उजाडावी लागली. आतां नव्या लहान गाड्यांतून तेल गेलें, त्या जागीं विजेची मोटार आली. मोठ्या मालमोटारींतून मात्र अजून तेलाचाच अंमल आहे, आणि आमच्यासारख्यांच्या जुन्या गाड्यांतूनही.

चिपळुणांत पोंचल्यावर प्रथम एका मोठ्या गॅरेजांत गेलों. तेथील तरुणानें चक्र दोनदां फिरविलें, खालीं वांकून तेलकटपणा पाहिला आणि निकाल दिला: रॅक गेली, पुरी बदलावी लागेल, ३२,००० रुपये. मीं विचारलें, "रॅकच कशावरून?" तो म्हणाला, "सर, जड झालंय ना, मग रॅकच." न्यायशास्त्रांत अशा हेतूस व्यभिचारी म्हणतात. धुरावरून अग्नि सिद्ध होतो, कारण अग्नीवांचून धूर नसतो. जडपणा मात्र रॅक धडधाकट असतांही दहा कारणांनीं येतो. पण हें त्यास सांगून उपयोग नव्हता. आम्ही ज्यांच्याकडे उतरलों होतों त्यांनीं गांवाबाहेरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्र्याचें नांव सांगितलें.

माधवनिदानांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. या मिस्त्र्यानें तो ग्रंथ पाहिला असण्याचा संभव नाहीं. पण त्याची रीत तीच. हत्यारास हात लावण्यापूर्वीं त्यानें मलाच बसवून घेतलें. "गुरुजी, जड एकीकडं लागतं कीं दोन्हीकडं?" दोन्हीकडे. एकीकडेच लागतें तर झडपेवर अथवा रॅकमधील सीलांवर संशय गेला असता. "सकाळीं लागतं आणि गाडी तापल्यावर सुटतं, असं होतं?" नाहीं. तसें होतें तर झडपेचीं कडीं झिजलीं असें तो समजला असता. "आवाज किंचाळल्यासारखा कीं कण्हल्यासारखा?" किंचाळतो तो घसरणारा पट्टा, आणि तो बहुधा चक्र टोकाला नेतांना, कण्हतो तो वारा प्यालेला पंप. शेवटीं त्यानें विचारलें, "तेल किती दिवस ओततांय?" मीं उत्तर देण्यापूर्वींच कुटुंब म्हणालें, "मार्गशीर्षापासून." मी खालीं पाहिलें.

मग परीक्षा सुरू झाली. चाकांतील हवा पाहिली. ती उणी असली तरी चक्र जड होतें, आणि औषध फुकट मिळतें. पुढचीं चाकें उचलून, इंजिन बंद ठेवून चक्र फिरविलें. तें कोठें न अडतां फिरलें. म्हणजे दांड्यांचे सांधे सुकलेले नाहींत, दोष साहाय्यांत आहे. पट्टा दाबून पाहिला, ताठ होता. रॅकच्या दोन्ही टोकांवरचीं रबरी आवरणें त्यानें चिमटून पाहिलीं. तीं आंतून कोरडीं. रॅकचीं टोंकांचीं सीलें फुटलीं असतीं तर तेल आधीं तेथें साठलें असतें. "बघा, गुरुजी, हिच्याकडं तक्रारच नाहीं." आमचे ३२,००० त्या एका चिमटींत वांचले.

नंतर सगळा भाग रॉकेलनें पुसून कोरडा केला, खालीं पांढरा कागद पसरला, टाकी भरली आणि इंजिन चालू करून मला चक्र टोकापर्यंत नेऊन धरावयास सांगितलें. पण पांच सेकंदच. त्याहून अधिक धरलें तर सारा दाब झडपेंतून घुसळत राहतो, तेल तापतें व पंप जळतो. तिसऱ्या वेळीं तो "सांपडलं" म्हणाला. पंपाकडून रॅककडे जाणाऱ्या दाबाच्या नळीस रबर व धातू जेथें आवळून जोडलेले असतात, त्या टोपणाच्या कडेला एक लाल मणी फुगला होता. मी उतरून कौतुकानें तेथें बोट न्यावयास गेलों, तों त्यानें माझ्या हातावर चापट मारली. शिक्षकी पेशांत चापट खाण्याची ती पहिलीच वेळ. एवढ्या दाबाची बारीक चिळकांडी सुईसारखी कातडींत शिरते. वरून टोंचल्याएवढेंच दिसतें, पण आंत गेलेल्या तेलानें बोट, क्वचित् हातही, गमवावा लागतो. गळती शोधावी ती कागदानें, हातानें नव्हे.

नळी बदलली, काळवंडलेलें तेल काढून नवें भरलें. पुन्हां चाकें उचलून, इंजिन बंदच ठेवून, चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळां फिरविलें. टाकींत बुडबुडे येत, तेल खालीं जाई, तो आणखी ओती. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू केलें. कण्हणें गेलें होतें. तरी त्याचें समाधान होईना. घाटांत पंप कोरडा फिरला होता, म्हणून त्यानें नळीच्या वाटेंत दाबमापक बसविला, त्याची तोटी क्षणभर बंद केली, आणि कांटा झपाट्यानें चढला तेव्हां "वांचला" एवढेंच म्हणाला. कांटा चढला नसता तर दोष पंपाचा. चढूनही चक्र जड राहतें तर दोष पुढें रॅकमध्यें. दोन आरोपींस वेगवेगळें करण्याची याहून स्वच्छ रीत मीं पाहिली नाहीं. सर्व मिळून खर्च आला ३,५०० रुपये.

आम्ही दुसऱ्या दिवशीं दुपारीं गुहागरास पोंचलों. अक्केचें राहिलेलें आवर्तन तिनें देवळांत पुरें केलें. परत येतांना कुंभार्ली चढलों. तें वळण आलें तेव्हां गाडींत कोणी बोललें नाहीं.

घरीं आल्यापासून कुटुंब रोज रात्रीं गाडीखालीं जुनें वर्तमानपत्र पसरून ठेवतें आणि सकाळीं रांगोळीपूर्वीं तें उचलून मला दाखवितें. आज एकविसावा दिवस. कागद अजून कोरडा आहे.