कॅमेरा मुलांच्या हाती

अपंगत्व असलेल्या मुलांवरच्या संशोधनात बोलतात ते बहुधा पालक, शिक्षक आणि डॉक्टर. सहभागी चित्रपटनिर्मितीत मूल स्वतः विषय निवडते, चित्रण करते आणि शेवटी काय दाखवायचे हेही ठरवते. तयार झालेल्या फिल्मइतकीच ती घडतानाची चर्चा, भांडणे आणि नकारही संशोधनाची सामग्री ठरतात.

या पद्धतीचे मूळ 1967 मध्ये कॅनडातील फोगो बेटावर झालेल्या प्रयोगात सापडते. चित्रण फिल्मकारांनी केले, पण ते आधी बेटवासीयांना दाखवले गेले. पुढे व्हिडिओ कॅमेरे हलके झाले. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेतील महिलांनी 1984 मध्ये व्हिडिओचे प्रशिक्षण घेतले, तेव्हा त्यांच्यातील कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. अपंग मुलांच्या बाबतीत या वाटेला कायद्याचा आधारही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क कराराचे कलम 7 मुलाला मत मांडण्याचा हक्क देते आणि त्यासाठी लागणारे साहाय्य मिळण्याचाही. भारताने हा करार 2007 मध्ये स्वीकारला.

हे साहाय्य मुलागणिक बदलते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा कॅमेरा व्हीलचेअरला जोडता येतो आणि मोठ्या बटणाने चालवता येतो. दृष्टिहीन मूल आवाजातून जागा उभी करते. त्याच्याकडे मायक्रोफोन द्यावा. कर्णबधिर मुलाची मुलाखत घेताना चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत हवेत, नाहीतर सांकेतिक भाषेतले वाक्यच तुटते. बौद्धिक अक्षमता असेल तर चित्रकार्डे आणि एका वेळी एकच सूचना उपयोगी पडते. व्हीलचेअरच्या उंचीवरून टिपलेल्या दृश्यात मोठ्यांचे चेहरे कापले जातात आणि पायऱ्या समोर उभ्या ठाकतात. हा चित्रणातला दोष मानून सुधारू नये. शाळा त्या मुलाला कशी दिसते, हेच त्यातून कळते.

संमतीचा प्रश्न नाजूक आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या परवानगीखेरीज 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी होकार लागतो. न बोलणाऱ्या मुलाने मान फिरवली किंवा कॅमेरा ढकलला, तर तो नकारच. भाग घेणे, चित्रित होणे आणि फिल्म इतरांना दाखवणे यांसाठी वेगवेगळे विचारावे, कारण फिल्ममध्ये चेहरा असतो आणि इंटरनेटवर गेलेले दृश्य मागे घेता येत नाही.

मोठ्यांचा हात सर्वांत सहज शिरतो तो संकलनात. लांबलेली शांतता कापली जाते, करुण संगीत चढते आणि मूल दयेचा विषय होऊन बसते. त्यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक दृश्याचे छापील चित्र मुलांपुढे ठेवावे आणि क्रम त्यांनाच लावू द्यावा. मुलाने अपंगत्वावर काहीच न टिपता मित्रांचे क्रिकेट टिपले, तर तोही निष्कर्ष म्हणून नोंदवावा.

या पद्धतीतून आकडेवारी मिळत नाही. वेळही भरपूर लागतो आणि गटातली चटपटीत मुले पुढे सरसावतात. पण कोणते दृश्य काढून टाकायचे हे ठरवण्याचा अधिकार मुलाकडे नसेल, तर कॅमेरा त्याच्या हाती असूनही त्या संशोधनाला सहभागी म्हणता येणार नाही.