विहिरीचा उमाळा

सौर पंपाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा टाकू?" त्याआधी मला विहीर तपासायची असते. उपसा करून पातळी किती उतरते ते पाहायचं, मग मोटर बंद करून टेप सोडून काठावर बसायचं आणि पाणी किती वेगाने वर चढतं, म्हणजे विहिरीचा उमाळा किती, ते मोजत राहायचं. हे बसून राहणं वेळखाऊ, म्हणून बहुतेक जण ते टाळतात. माझ्या कामाचा सगळा जीव मात्र त्यातच आहे.

याचं कारण आपला खडक. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. या कातळात पाणी राहतं ते भेगांत, कुजलेल्या मुरमात, लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात. हाती लागतं ते खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम १ ते ३ टक्के.

हजार लिटर पाणी १०० मीटर वर आणायला, काहीच वाया जात नाही असं धरलं तरी ०.२७ युनिट ऊर्जा लागते. प्रत्यक्षात दुपटीहून जास्त. डिझेल ओतणाऱ्याला हा हिशेब रोज खिशात कळायचा. सोलरवर पुढचा लिटर फुकट. रात्रीच्या लाइटीसाठी अंधारात, विंचूकाट्यात जाणं सुटलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ऊन रोज येतं, भूजल पावसाळ्यात भरतं.

सरकारी सौर पंप योजनेत पंप जमिनीच्या क्षेत्रावरून ठरतो: अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, पुढे साडेसात. विहिरीच्या उमाळ्याला सातबारा ठाऊक नसतो. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे या अभियंत्याने १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभारली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवरून नाही, माणशी ठेवला. भूमिहीनालाही हक्क दिला, ऊस वर्ज्य केला. आमच्या क्षेत्रातलं इतकं धीट डिझाइन मी दुसरं पाहिलेलं नाही.

म्हणून उमाळा कमी असेल तिथे मी लहान पंप सुचवतो. ज्याच्याकडे मोठा बसलाच आहे, त्याने उरलेलं ऊन योग्य कंट्रोलर लावून कडबाकुट्टीला, पिठाच्या गिरणीला द्यावं. सध्या एका शिवारात ३ एचपी सांगितला, तर मालक म्हणाले, "भावकीनं साडेसातचा टाकलाय, सर. मी लहान घेऊन माझं पाणी त्यांना सोडू का?" प्रश्न रास्त आहे. दोन्ही विहिरींना बहुधा एकाच सांध्यातून पाणी येतं. आता दोघांना राजी करून एकाची मोटर चालू असताना दुसऱ्याची पातळी मोजतोय.