कोपरातला दोरा

कळसूत्री बाहुलीचा कपडा बेतताना मी आधी कोपर बघते. अंगरखा कितीही जरीचा असो, बाही कोपरात आवळली की राजाचा हात अर्ध्यावर अडकतो, आणि बघणाऱ्याला राजाऐवजी दोरा दिसायला लागतो. पिंगुळी गावात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यामुळे पिंगुळीचं नाव दूरवर गेलं. पाहुणे येतात आणि बाहुल्यांच्या चेहऱ्यांचे फोटो काढतात. मला वाटतं, त्यांनी एकदा कोपर वाकवून बघावं.

अंतराळवीरांच्या पोशाखाचं वाचलं, तेव्हा तिथेही अडचण कोपराचीच निघाली. बाहेर हवा नाही, आत प्राणवायूचा दाब. मग पोशाख फुगतो, आणि फुगलेली बाही काही केल्या वाकत नाही. १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर पहिल्यांदा तरंगलेल्या अलेक्सेई लिओनोव यांचा पोशाख असाच फुगला. आतला दाब उतरवला, तेव्हा कुठे ते यानात परत शिरू शकले.

चंद्रावर गेलेले पोशाख अमेरिकेतल्या आयएलसी या कंपनीने केले. बायकांची अंतर्वस्त्रं करणारी प्लेटेक्स तेव्हा तिचीच होती. शिवणयंत्रावर बसल्या त्याही बायकाच. कोपराला त्यांनी पेटीच्या भात्यासारखं घड्यांचं रबर घातलं. हात वाकला की आतल्या बाजूच्या घड्या मिटतात, बाहेरच्या उघडतात, आणि आतल्या हवेची जागा तेवढीच राहते. पण दाबाने भाता लांबत जाईल, त्याचं काय? म्हणून दोन्ही बाजूंनी तार ओढून घेतली. हे वाचून मी हातातलं काम खाली ठेवलं. आमचा दोरा हात उचलतो. त्यांची तार कोपराला लांबू देत नाही, म्हणून हात वाकतो. दोन्हीकडे सगळी कळ सुतातच!

एकदा घाईत माझी एक टाचणी बाहीत राहिली. भर खेळात मनगटाचा दोरा तिच्यात गुंतला. वर गेलेला हात खाली येईना. माझा खेळ बिघडला, एवढंच. त्या बायकांच्या हातून टाचणी राहिली असती, तर हवा धरणारं रबर फाटलं असतं आणि आतला माणूस गेला असता. त्यांच्या पोशाखांचे एक्स-रे काढून टाचण्या शोधत.

मी आता डबीतून बारा टाचण्या मोजून घेते. बाहुलीला दोरा बांधायच्या आधी बारा मोजून परत ठेवते.